घरगुती वैमानिक आणि कंपन्यांची खरेदीखते

म्यूनिकच्या उत्तरेस, भुयारी रेल्वेची यू-६ ही शाखा जिथे संपते त्या गार्चिंगच्या संशोधननगरीत विमानाच्या गतिशास्त्राची समीकरणे संगणकावर चालवून पाहणे हा माझा चरितार्थ असून, तेच काम रात्री घरी, बिनपगारी आणि खरे सांगायचे तर अधिक आस्थेने, लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरवर करणे हा माझा छंद आहे.

या छंदाला खेळ म्हणणे थोडे धाडसाचेच. एफ-१६चे इंजिन सुरू करायचे तर आधी विद्युत्पुरवठ्याची कळ, मग जेट फ्युएल स्टार्टर, आवर्तने वीस टक्क्यांवर आली की थ्रॉटल पुढे, आणि त्यानंतर दिशादर्शक यंत्रणा स्थिरावेपर्यंत आठेक मिनिटे मुकाट्याने बसून राहायचे. हे सारे हाताच्या वळणी पडेतो महिने जातात, आणि ग्राहकाची ही गुंतवणूक कंपनी विकताना कोणत्याही ताळेबंदात दाखवली जात नाही.

‘फाल्कन ४.०’ या सिम्युलेटरचा मामला याच कारणाने चिघळला. त्याची जनक मायक्रोप्रोझ ही कंपनी १९९३ मध्ये स्पेक्ट्रम होलोबाइटशी एकत्र झाली, १९९८ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी विकणाऱ्या पेढीच्या पदरी पडली (‘मोनोपॉली’ हा खेळही याच हॅस्ब्रोचा, हा योगायोग मला अजून गमतीचा वाटतो), आणि त्याच डिसेंबरात, कोरियन द्वीपकल्पावर अखंड चालणारे युद्ध उभे करणारी ही अपूर्व परंतु दोषबहुल कृती बाजारात आली. दोषनिवारण चालू असतानाच, वर्षभरात, हॅस्ब्रोने तिचे पथक बरखास्त केले. २००० मध्ये मूळ आज्ञावली बाहेर फुटली आणि हौशी प्रोग्रॅमरांनी ती आपापसांत कसायला घेतली. कुळकायद्यापूर्वीच्या गावात जमीन सावकाराच्या नावावर आणि नांगर कुळाचा असे, तशी मालकी हॅस्ब्रोकडून इन्फोग्राम या कंपनीकडे आणि तिथून पुढे हस्तांतरित होत राहिली, आणि वहिवाट मात्र बीएमएस या हौशी गटाची. त्यांची आवृत्ती आजही फुकट मिळते, पण चालते ती मूळ परवानाधारक प्रत जवळ असेल तरच. पुनरुज्जीवित मायक्रोप्रोझने फाल्कनचे हक्क परत मिळवले ते २०२३ मध्ये! कायदेशीर खरेदी-विक्रीने मारलेली वस्तू बेकायदा फुटीने जगवली, हे विधान न्यायालयात करण्याजोगे नाही. वस्तुस्थिती मात्र तीच आहे.

इतरांना असे दैव लाभले नाही. ‘रेड बॅरन’ घडवणारी डायनॅमिक्स आधी सिएराच्या आणि मग सिएराच्या नवनव्या धन्यांच्या हाती जात २००१ मध्ये बंद झाली. मायक्रोसॉफ्टने आपले सिम्युलेटर घडवणारे एसेस पथक २००९ मध्ये मोडले.

जॉयस्टिकच्या बाजारात हेच होऊ घातले होते. सायटेक २००७ मध्ये मॅड कॅट्झने घेतली, आणि तिच्याकडून २०१६ मध्ये लॉजिटेकने एक कोटी तीस लाख डॉलरांना. परंतु इथे व्हीकेबी, व्हर्पिल, विनविंग असे छोटे कारखानदार पुढे सरसावले, कारण कांडी बनवायला लेथ आणि चुंबकीय सेन्सर पुरतात. अख्खे रणक्षेत्र बनवायला दशक लागते. म्हणून आधुनिक जेट तपशिलाने उडवू पाहणारा बहुतेक माणूस आज डीसीएस या एकाच सिम्युलेटरच्या दारात उभा असतो, एकेक विमान स्वतंत्र किमतीला घेतो, आणि ते विमान अन्य कोणत्याही सिम्युलेटरात उडत नाही. दर वाढला, दुरुस्ती लांबली, तरी उठून जायला दुसरे दुकान नाही.

खऱ्या विमानांच्या कंपन्याही विलीन होतातच. फँटमची निर्माती मॅकडॉनेल १९६७ मध्ये डग्लसशी आणि ही संयुक्त कंपनी १९९७ मध्ये बोइंगशी एकरूप झाली, तरी जर्मन वायुदलाने आपली फँटम २०१३ पर्यंत उडवली; सरकार विमान घेते तेव्हा सुट्या भागांची आणि देखभालीची कलमेही लिहून घेते. घरगुती वैमानिक ‘मान्य आहे’ या चौकटीवर टिचकी मारतो, आणि त्या परवान्यातली बहुतेक कलमे विक्रेत्याच्या रक्षणाची असतात. माझी मागणी माफक आहे: सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रत्येक खरेदीखतात मूळ आज्ञावली त्रयस्थाकडे अनामत ठेवण्याची अट असावी, आणि नव्या मालकाने दोन वर्षे हात लावला नाही तर ती कसणाऱ्यांना खुली व्हावी.