काळ्या मातीतली शर्यत

मुलांनो, पावसाळ्यात तुम्ही कधी काळ्या रानातून चालला आहात? दहा पावलं टाकली की चपलेला किलोभर माती! वीस पावलांनी पाय आपला राहतच नाही, हत्तीचा होतो. आमच्या तापीकाठची ही माती. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा बेसाल्ट खडक झाला आणि तो झिजून ही माती झाली. तिचे कण फार बारीक. पाणी पिऊन ती फुगते आणि जे सापडेल ते धरून ठेवते. उन्हाळ्यात मात्र आकसते, आणि भेगा अशा पडतात की क्रिकेटचा चेंडू गडप!

या मातीत आम्ही चार मास्तरांनी शर्यत लावली. हसू नका! डी.एड.ला आम्ही एकाच वर्गात होतो. दोघे जळगावचे, दोघे धुळ्याचे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेव्हापासूनचं भांडण जणू आम्हीच चालवतो. हरेल त्या जोडीने शेवभाजी खाऊ घालायची, असं ठरलं.

जागा होती रावेर तालुक्यातली, एका मित्राच्या काकांची केळीची बाग. तिथे अडथळे मांडावे लागत नाहीत. ठिबकच्या नळ्या, निसरडे बांध, कापलेल्या खोडांचे ढीग, काटेरी कुंपण, शेवटी नाला. नाल्यापलीकडच्या निंबाला जो आधी हात लावेल, त्याची जोडी जिंकली. काकांनी बजावलं, "नळी तुटली तर भरून घेईन हं, मास्तर!"

इंग्लंडात १९८७ पासून चिखलातली 'टफ गाय' नावाची शर्यत भरायची. ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्येही ३००० मीटरांत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्यातच सुवर्णपदक मिळवलं. आमचा वेग त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, ते सोडा!

मी चपला काढून ठेवल्या. अनवाणी पायाची बोटं चिखलात रुततात, म्हणून घसरायला होत नाही. धुळ्याच्या एका मित्राने ऐकलं नाही. पहिल्याच बांधाजवळ त्याची एक चप्पल मातीने गिळली. तरी गडी पळतोच आहे! कुंपणाखालून सरपटताना माझा सदरा टर्रकन फाटला, खोडांच्या ढिगावर केळीचा चीक लागला. तो डाग धुऊन जात नाही बरं का.

नाला मी पहिला ओलांडला. निंब वीस पावलांवर. तेवढ्यात मागून हाक आली, "थांब रे भो, मना पाय अडकना!"

खरं सांगू? मला वाटलं, सोंग करतोय. मी आणखी चार पावलं पळालो. मग वळून पाहिलं. पाणी गढूळ झालं होतं, पाचोळा वाहत येत होता. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता. पण सातपुड्यावर काळंकुट्ट आभाळ होतं. डोंगरात पाऊस झाला की खाली कोरड्या दिवशीही नाला चढतो. मी मागे धावलो.

त्याचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला होता. आम्ही तिघं हात धरून ओढू लागलो, तसा तो आणखीच ओरडू लागला. पाय सरळ वर ओढला की तळव्याखाली पोकळी होते आणि चिखल उलट खाली खेचतो. काकांनी काठावरून हाक दिली, "ओढू नका, हलवा!" मग केळीचं एक खोड आडवं टाकलं, त्यावर त्याचं अंग टेकवलं आणि पाय हळूहळू गोल फिरवत गेलो. फटीत पाणी शिरलं आणि पाय सुटला. तोवर पाणी मांडीला लागलं होतं. काठावर बसलो, तर कोणी बोलेना. थोड्याच वेळात आमचं खोडही वाहून गेलं.

निंबाला हात कुणीच लावला नव्हता. शेवभाजीचे पैसे चौघांनी भरले. धुळेकर मात्र अजून म्हणतात, पैसे जळगावकरांचेच लागत होते.

वैशाखात काकांचा निरोप आला. बांधाजवळ मोठी भेग पडली होती आणि तिच्यात एक चप्पल सापडली, डाव्या पायाची.