आधी वय, मग नाव

शेंगदाण्याला व्हिएतनामी भाषेत काय म्हणतात, हे मी तिथला नमस्कार शिकायच्या आधी शिकले. यांची बदली हो चि मिन्ह सिटीला, म्हणजे जुन्या सायगावला झाली, तेव्हा आमचे धाकटे चिरंजीव सहा वर्षांचे होते. शेंगदाणा त्याला मुळीच चालत नाही. एक दाणा पोटात गेला तरी ओठ सुजतात, धाप लागते. सांगलीत होतो तोवर घरातलं दाण्याचं कूट बंद करून निभावलं. पण इथे नूडल्सवर, कोशिंबिरीवर भरडलेले दाणे अगदी सढळ हाताने भुरभुरतात. तेव्हा भाषा शिकणं भागच होतं.

शब्द आहे 'डउ फोंग'. सापडला मिनिटात, जिभेवर बसायला तीन आठवडे लागले. कारण या भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो. आपणही 'हो' किती सुरांत म्हणतो! रागाचा हो, कंटाळ्याचा हो, 'खरंच का?' असं विचारणारा हो. पण अर्थ शेवटी होच राहतो ना? इथे तसं नाही. 'मा' सरळ म्हटलं तर भूत, सूर वर नेला तर दक्षिणेकडची आई, खाली सोडला तर 'पण', आणि खाली दाबून तोडला तर लावणीआधीचं भाताचं रोप. लिहिण्यात असे सहा सूर आहेत. दक्षिणेतल्या बोलण्यात त्यातले दोन एक होतात, तेवढीच सूट. 'डउ फोंग'चे दोन्ही शब्द खालच्या सुरातले.

शेजारच्या आजींनी मला आठ दिवस नुसतं ऐकायला लावलं. त्या बोलायच्या आणि बोटाने हवेत सुराची रेघ काढायच्या. नात थोडं इंग्रजी जाणते, ती मध्ये दुभाष्या. नंतर माझी पाळी. त्या आठ दिवसांचं मोल फार आहे. कान तयार नसेल तर जीभ मराठीच बोलते. आता हेच बघा. 'यात दाणे आहेत का?' हे इथे 'को डउ फोंग खोंग?' असं विचारतात. शब्दशः 'आहे, शेंगदाणा, नाही?' आपल्या 'आहे की नाही' सारखंच. पण प्रश्न म्हटला की आपला आवाज शेवटी आपोआप चढतो, आणि 'खोंग' तर सपाट सुराचा. तो सपाटच ठेवायचा. प्रश्न विचारूनही आवाज न चढवणं किती जड जातं, ते करून पाहा!

उत्तरेत, हनोईकडे, शेंगदाण्याला 'लाक' म्हणतात. म्हणून मुलाच्या दप्तरात दोन्ही शब्द स्वच्छ लिहिलेलं कार्ड ठेवलं आहे, सगळ्या खुणांसकट. जिवाशी गाठ असते तिथे एकट्या जिभेवर विसंबू नये. कोपऱ्यावरची नूडल्सवाली आता त्याला लांबून पाहिलं की दाण्यांचं भांडं झाकून बाजूला सरकवते. तरी मी विचारतेच.

लिपी रोमन आहे, पण ती पाहून फसू नये. मिशनऱ्यांनी ती बसवली. अलेक्झांडर द ऱ्होड्स यांचा कोश 1651 मध्ये रोममध्ये छापला गेला. (बी.ए.ला मराठी होतं म्हणून आठवलं, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराणही 1616 मध्ये रोमन अक्षरांतच छापलं होतं.) एकच अक्षर उत्तरेत जहाजातल्या 'ज' सारखं आणि दक्षिणेत 'य' सारखं म्हणतात. त्यामुळे तिथल्या बायकांचा तो सुंदर लांब पोशाख हनोईत 'आव जाय' आणि इथे 'आव याय'.

मराठी बाईला मात्र काही गोष्टी आयत्या मिळतात. त आणि थ यांतला फरक आपण बोट धरून चालायच्या वयात शिकलेलो असतो. शिवाय व्याकरण! तो गेला, ती गेली, ते गेलं ही कटकट इथे नाही. क्रियापद जसंच्या तसं. आणि सगळ्यात गंमत ङ आणि ञ ची. पहिलीच्या वर्गाला शिकवताना मुलं विचारायची, "बाई, या अक्षरांचे शब्द सांगा ना!" काय सांगणार? इथे घर म्हणजे 'ञा', चविष्ट म्हणजे 'ङॉन', आणि सगळ्यात जास्त आढळणारं आडनावसुद्धा ङ पासून सुरू होतं. 'अंगण' म्हणताना ग च्या आधी थांबा. जीभ मागे टेकलेली असते, तिथूनच शब्द सुरू करायचा.

पुस्तकात 'सिन चाव' हा नमस्कार पहिल्या धड्यात असतो. रस्त्यात तो फारसा ऐकू येत नाही. 'चाव' म्हणून पुढे नातं जोडायचं असतं आणि ते ठरतं वयावरून. म्हणून भाजीवालीने पहिल्याच दिवशी माझं वय विचारलं. हे जरा गोरेमोरे झाले. मी छत्तीस सांगितलं आणि ती 'ची' झाली, म्हणजे ताई. मी 'एम', धाकटी. 'मी' साठी 'तोय' असा शब्द आहे, पण ओळखीपाळखीत तो कोरडा वाटतो. भाजी घेताना मी स्वतःलाही 'एम'च म्हणते, म्हणजे 'धाकटीला दोन जुड्या हव्यात'. आजींसमोर मी 'कॉन', लेकरू. बाईंना इथे 'को' म्हणतात, आणि 'को' म्हणजे आत्यासुद्धा! संध्याकाळी माझ्याकडे शिकवणीला येणारी एक चिमुरडी मला तशीच हाक मारते.

पहिले सहा महिने या मजल्यावर मी कुणाचीच कुणी नव्हते. लिफ्टमध्ये मान हलवायची आणि खाली बघायचं. आता नवी शेजारीण राहायला आली तेव्हा मी आधी वय विचारलं, मग नाव. चार वर्षांनी लहान निघाली. म्हणजे मला 'ची' म्हणणारी एक जण झाली.