सालीचं काय करायचं?

२०२२ च्या ऑक्टोबरात आम्हा ज्यूंचा सुक्कोतचा सण सरला आणि इस्राएलमधल्या दिमोनातल्या माझ्या घरी ओट्यावर एक एत्रोग उरला. एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं, तेच फळ. सणात ते खजुरीचा कोंब, हदास (मर्टल) आणि वाळुंजाच्या डहाळ्यांबरोबर हातात धरून आम्ही आशीर्वाद म्हणतो. सण संपला की मी दरवर्षी त्याचा मुरंबा करते आणि देठ, साली कचऱ्यात टाकते. त्या वर्षी तसं करून चालणार नव्हतं.

हे फळ श्मिताच्या वर्षात वाढलेलं होतं. इस्राएलच्या जमिनीला दर सातव्या वर्षी विसावा असतो. ज्यू पंचांगातलं ५७८२ हे तसं वर्ष, सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२. त्या वर्षी पिकलेल्यावर मालकाने हक्क सांगायचा नसतो. ते पवित्र असतं, म्हणून त्यावर नफा कमवायचा नाही आणि ते नासवायचंही नाही. मी एत्रोग घेतला तो ओत्सार बेत दीनकडून, म्हणजे धर्मन्यायालयाच्या देखरेखीखाली होणाऱ्या वाटपातून. पैसे मोजले ते तोडणीचे, वाहतुकीचे. फळाची किंमत अशी नव्हतीच. घासाघीस करायची सवय असलेल्या मला हे फार भावलं.

तेवढ्यात ठाण्याहून भावाचा फोन आला. "ताई, डिसेंबरात येतेस ना? मुरंब्याची बरणी आण." आमच्या रब्बींना विचारलं, तर ते म्हणाले, हे फळ देशाबाहेर न्यायचं नाही, इथेच खायचं. भावाला नाही म्हणताना जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी फळ चिरलं. घरभर वास सुटला. बोटभर जाड पांढरा गर, मधे जरासा आंबट भाग आणि बियाच बिया. कडवटपणा जाईपर्यंत फोडी उकळल्या, साखर घातली. आणि आवरताना सवयीने हात ओट्याखालच्या डब्याकडे गेला. देठाचे, सालीचे तुकडे चहाच्या चोथ्यात पडलेसुद्धा. मी खाली बसले आणि एकेक वेचून काढला. अलिबागकडची माझी आई सांडलेले तांदूळ असेच वेचायची, एकाही दाण्यावर पाय पडू द्यायची नाही.

वेचलेले तुकडे धुऊन पिशवीत घातले आणि पिशवी बाल्कनीत एका वेगळ्या डब्यात ठेवली. ते काळे पडले, बुरशी धरली, खाण्याजोगे उरले नाहीत, तेव्हाच टाकले.

थंडीत बिऊरची तारीख आली. श्मिताच्या फळाचा घरातला साठा त्या दिवशी तीन जणांसमोर सोडून द्यायचा असतो. बरणी जिन्यात ठेवली, तीन शेजारी बोलावले आणि म्हटलं, "ही आता कुणाचीच नाही. हवी त्याने घ्यावी." समोरच्या मोरोक्कन आजींनी एक फोड तोंडात टाकली, मान हलवली आणि बरणी माझ्याकडे सरकवली. मी ती परत उचलली, पण माझी म्हणून नव्हे.

२०२९ च्या सुक्कोतला असाच एत्रोग पुन्हा घरोघर येईल. तो चिरायच्या आधी सालीसाठी वेगळा डबा काढून ठेवा.