धरणाकाठचं बिऱ्हाड

जावयांनी बटन दाबलं आणि घराची भिंत बाहेर सरकली. मी झाडाखाली उभा राहून बघत होतो. अख्खी भिंत, तिला लागून असलेल्या सोफ्यासकट, हळूहळू पुढे आली आणि थांबली. आत जाऊन पाहिलं, तर मघाशी जिथून दोघांना अंग चोरून जावं लागत होतं तिथे आता चार माणसं मांडी घालून जेवायला बसली असती. ओटा, शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास, बिछाने. आणि या सगळ्याच्या खाली चाकं. डॅलसहून सव्वाशे किलोमीटर हे घर आम्ही पिकअपच्या मागे ओढत आणलं होतं. इकडे अमेरिकेत अशा सगळ्या फिरत्या घरांना ‘आरव्ही’ म्हणतात.

आलो होतो ते लेक टेक्सोमाच्या काठी. टेक्सास आणि ओक्लाहोमा या दोन राज्यांच्या सीमेवर रेड रिव्हरला मातीचा बांध घातला, डेनिसन धरण. १९४४ साली ते पुरं झालं. मागे साठलेलं पाणी सुमारे ८९,००० एकरांवर पसरलेलं. नदीचं नाव खोटं नाही, पाण्याला खरोखरच तांबूस झाक आहे. लेकीने सांगितलं होतं म्हणून ओंजळभर चाखलं, किंचित खारट लागलं. नदी वरच्या अंगाला मिठाच्या थरांमधून येते. मूळचा समुद्राचा स्ट्रायपर मासा इथे सोडला, त्याला हे पाणी मानवलं आणि तो आपसूक वाढला.

मी हिंगोली जिल्ह्यातला, औंढा तालुक्यातला. धरण म्हणजे माझ्या लेखी येलदरी आणि सिद्धेश्वर. पूर्णा नदीचं पाणी येलदरीला अडतं, खाली सिद्धेश्वरला येतं आणि कालव्याने वसमतच्या हळदीपर्यंत पोहोचतं. श्रावणात दरवाजे उघडले की आम्ही शाळेची पोरं घेऊन बघायला जायचो. पुलावर उभं राहायचं, तुषार अंगावर घ्यायचे, डबे खायचे आणि उन्हं कलायच्या आत परतायचं. धरणाच्या काठी रात्र काढायची ही कल्पना मनात कधी आलीच नाही. इथे तर धरण बांधणाऱ्या खात्यानेच, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, लोकांच्या मुक्कामाची सोय केलेली. प्रत्येक बिऱ्हाडाला आखलेली जागा, त्या जागेत विजेचा खांब, पाण्याचा नळ, बाकडं, विस्तवासाठी लोखंडी कडं. जागा सहा महिने आधी राखून ठेवता येते. कुठल्याही सलग तीस दिवसांत चौदा दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नाही, म्हणजे एकानेच काठ अडवून बसायचं नाही.

सगळ्यात नवल वाटलं ते गाडीच्या पोटातल्या टाक्यांचं. एक स्वच्छ पाण्याची, एक न्हाणीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. निघताना फाटकाजवळच्या ठरलेल्या जागी जाड नळी जोडून शेवटच्या दोन्ही रिकाम्या करायच्या. तळ्यात एक थेंब जात नाही. इतकी घरं काठाला लागलेली, पण काठावर उकिरडा नाही. मी मुद्दाम पहाटे उठून लांबवर चालत जाऊन पाहिलं.

आणि कुत्री! आमच्या बरोबर मोती होता. लेकीने बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणलेला, मराठीत बोललेलं समजणारा. मला वाटलं होतं, फाटकावर कुणीतरी हरकत घेईल. तिथल्या बाईंनी आमची नावं विचारायच्या आधी त्याचं नाव विचारलं. नियम आहेत आणि ते कडक आहेत. पट्टा सहा फुटांच्या आत हवा, पोहण्याच्या किनाऱ्यावर कुत्रं न्यायचं नाही, त्याची घाण मालकाने उचलायची. एवढं पाळलं की कुत्रं बिऱ्हाडातलंच एक माणूस.

या नियमांच्या पाट्या वाचता वाचता मला आमचं शिवार दिसायला लागलं. दिवाळीनंतर हटकर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी बिऱ्हाडं, उतरायचे. वडील त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलवायचे. दोन-तीन रात्री मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं आणि धनगराला धान्य. त्यांची घोडी गावात शिरली की आम्ही पोरं मागे धावायचो. घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार. वाकळा, भांडी, पाय बांधलेली कोंबडी, झोळीतून डोकं काढलेलं कुत्र्याचं पिल्लू, शेजारी नुकतं जन्मलेलं कोकरू आणि त्यांच्याच मधे लेकरू. रात्री मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कडेने कुत्री बसायची. माणसाने बिऱ्हाड उचललं की जनावरानेही उचलायचं, यात तेव्हा कुणाला नवल वाटत नव्हतं. फरक एवढाच की धनगर चाऱ्यासाठी फिरतो, त्याला न फिरून चालत नाही. आणि इथे चांगली भिंतींची घरं असलेली माणसं पैसे मोजून आठ दिवस चुलीपाशी, उघड्यावर, कुत्र्याच्या शेजारी बसायला येतात. मला हे वेडेपण वाटलं नाही. त्यांनाही असं बिऱ्हाड करून राहणं कुठेतरी हवंहवंसं राहिलेलं आहे.

दुसऱ्या रात्री आम्ही कड्यात वांगी भाजली. लाकडं तिथल्याच दुकानातली. लांबून आणायची नाहीत, लाकडातून झाडांची कीड पसरते. शेजारचे आजोबा आपल्या म्हाताऱ्या कुत्रीला घेऊन आले. तेही निवृत्त, मीही निवृत्त. ते मला दर वाक्यागणिक ‘सर’ म्हणत. टेक्सासमध्ये ही रीतच आहे, पण सदतीस वर्षं शाळेत शिकवताना जे ऐकलं ते सातासमुद्रापलीकडे ऐकून मला भरून आलं. भरीत त्यांनी दोनदा घेतलं. या धरणाच्या सांडव्यावरून पाणी फार क्वचित जातं, त्यांनी बोटं मोजून सांगितलं: १९५७, १९९०, २००७ आणि २०१५. त्या शेवटच्या वर्षी दोनदा, आणि ते बघायला ते दोन्ही वेळा आले होते. मी त्यांना सिद्धेश्वरच्या दरवाजांविषयी सांगितलं. मग त्यांनी पाण्याकडे हात करून दाखवलं. तिकडे हॅगरमन गाव होतं, पलीकडच्या काठाला जुनं वुडव्हिल, दोन्ही पाण्याखाली गेली. माझ्या आईचं माहेर येलदरीच्या पाण्याखाली गेलं. हे मी त्यांना सांगितलं आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

मध्यरात्री सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. चक्रीवादळाचा (टोर्नेडो) इशारा. मुक्कामाची देखरेख करणारे गृहस्थ छोट्या गाडीतून दारोदार फिरले. ट्रेलरमध्ये थांबू नका, न्हाणीघराच्या पक्क्या इमारतीत चला. भर पावसात आम्ही धावलो. नात जावयांच्या खांद्यावर, मोती माझ्या हाती. आत जाऊन पाहतो तर तीसेक माणसं, नऊ कुत्री आणि पिंजऱ्यात एक मांजर. कुणी कुणाला ‘तुमचं कुत्रं बाहेर ठेवा’ म्हणालं नाही. मोती थरथरत होता. आजोबांची म्हातारी कुत्री उठली, हळूहळू आली आणि त्याच्या अंगाला अंग लावून बसली. एका बाईंनी टॉवेल दिला, आमच्या मंडळींनी डब्यातल्या दशम्या काढून पोरांमध्ये वाटल्या. एकमेकींची भाषा येत नसताना त्या दोघी त्या बाईंच्या कडेवरच्या पोराविषयी काय बोलल्या कोण जाणे, पण दोघींना कळत होतं. तासाभराने वारा उतरला. चक्रीवादळ आमच्या बाजूला आलंच नाही.

सिद्धेश्वरच्या काठी असा एक मुक्काम व्हावा, असं मला त्या रात्री फार वाटलं. ट्रेलर नको, वीजही नको. सावलीची झाडं, पाण्याचा नळ, स्वच्छ संडास, विस्तवाची जागा आणि पाऊस आला तर एक पक्कं छप्पर. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला येणारी कुटुंबं तिथे रात्र काढतील. आणि मेंढरांमागे चाललेल्या वाड्यालाही तिथे ‘पुढे व्हा’ कुणी म्हणू नये.

सकाळी आजोबांचं बिऱ्हाड आमच्या आधी हललं. त्यांचा ट्रेलर गेला आणि भिजलेल्या जमिनीवर कोरडा, फिकट चौकोन तेवढा उरला. आमच्या रानातून वाडा उठला की चुलीचे तीन दगड राहायचे. वडील नांगरताना ते बांधावर काढून ठेवायचे, पुढच्या साली लागतील म्हणून. मोतीने पट्टा ताणला, त्या कोरड्या चौकोनापाशी गेला, चहूबाजूंनी हुंगलं आणि मधोमध जाऊन बसला. मी त्याला उठवलं नाही.