शिफारस बदलली, पुस्तकाचं काय?

८ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्र सरकारने १८ कीडनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यातल्या १२ वर तत्काळ बंदी आली, उरलेल्या ६ ना ३१ डिसेंबर २०२० पर्यंत मुदत मिळाली. आदल्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. त्यामुळे शेतीशी संबंध असलेल्या कुणालाच हा आदेश अनपेक्षित वाटला नाही. कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या प्रकाशनात ती यादी पोचली आणि हातातलं काम बाजूला पडलं. पहिल्या यादीत कार्बारिल आणि मिथिल पॅरॅथिऑन होतं, दुसरीत फोरेट. उसातल्या हुमणीवरचं कुठलंही जुनं प्रकरण उघडा, ही तीन नावं भेटतातच.

हुमणी म्हणजे काय हे कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसकऱ्याला सांगायला नको. वळवाचा दमदार पाऊस झाला की भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर बसतात, मग मातीत अंडी घालतात. अळ्या उसाची मुळं कुरतडतात आणि हिरवागार वाटणारा प्लॉट पावसाळा सरता सरता वाळून जातो. यावर वर्षानुवर्षं छापला गेलेला उपाय ठरलेला होता: झाडांवर फवारणी, जमिनीत भुकटी नाहीतर दाणेदार औषध. आम्हीही तेच छापत आलो होतो, कारण त्या त्या वेळी ती अधिकृत शिफारस होती.

प्रश्न एवढाच होता की ती शिफारस आमच्या कुठकुठल्या पानांवर आहे. आम्ही ऊस, भुईमूग, भाजीपाला अशा पिकांवरची पुस्तकं काढतो. साखर कारखान्यांच्या शेती खात्यांना सभासदांसाठी ऊसविकास पुस्तिका करून देतो. फवारणी पंप बनवणाऱ्यांच्या माहितीपुस्तिका करतो, शेतकरी डायरीही काढतो. हुमणीचा मजकूर यातल्या बहुतेकांत होता. कुठे चार पानं, कुठे एका चौकटीत तीन ओळी.

अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी संगणकावर ‘फोरेट’ शोधलं. काहीच सापडलं नाही. आमच्या जुन्या फाइली पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या आणि जुन्या मराठी फाँटमधल्या. त्या फाँटमध्ये पडद्यावर ‘फ’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं, आणि प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. युनिकोड या सगळीकडे एकच असलेल्या अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे. पण पेजमेकरला युनिकोड झेपत नव्हतं, त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली, आणि छपाईच्या धंद्यात तोच पुढे कैक वर्षं चालत राहिला. याचा अर्थ असा की मराठीतल्या हजारो पुस्तकांच्या फाइली आज संगणकात असूनही संगणकाला वाचता येत नाहीत. हे दुखणं सगळ्या मराठी प्रकाशन व्यवसायाचं आहे आणि त्यावर जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

शेवटी पुस्तकं टेबलावर मांडून, हातात पेन्सिल घेऊन आम्ही पानन् पान वाचलं. गोदामात शिल्लक असलेल्या प्रतींत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डकवल्या. विकल्या गेलेल्या प्रतींबाबत कारखान्यांना आणि विक्रेत्यांना पत्रं पाठवली. ती शेतकऱ्यापर्यंत किती पोचली, कोण जाणे.

या वाचनात आणखी एक गोष्ट पुढे आली आणि माझ्या मते तीच मुळाशी होती. आमच्याकडची फाइल आणि छापलेलं पुस्तक यांत फरक होता. मुद्रितशोधन संपतं, पानं लागतात, आणि अगदी शेवटच्या दिवशी लेखकाचा फोन येतो: अमुक ठिकाणी प्रमाण बदला. ती दुरुस्ती थेट लावलेल्या पानावर होते. कधी आमच्या संगणकावर, कधी छापखान्यात. मूळ मजकुराला तिचा पत्ताच नसतो. पुढच्या वर्षी डायरी करताना आपण मूळ मजकूर उचलतो आणि चूक पुन्हा जिवंत होते. एका छापखान्यात मी जुन्या पुस्तिकेची फाइल मागायला गेलो, तेव्हा तिथले गृहस्थ म्हणाले, “माझ्याकडची न्या. प्लेटा हिच्यावरनंच काढल्यात. तुमच्याकडं असंल ती जुनी.” पुस्तक आमचं आणि त्याचा खरा मजकूर दुसऱ्याच्या दुकानात.

मजकूर व्यवस्थापनाची एक प्रणाली आम्ही पाहिली होती. दाखवायला आलेला मुलगा हुशार होता, प्रणालीही चांगली होती. त्याने विचारलं, “यात भरायची अंतिम प्रत कुठली?” तेव्हा ठरवलं की आधी या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, खरेदीचं मग बघू. सुरुवात एका जाड रजिस्टरने झाली. प्रत्येक पुस्तकाची शेवटची छापील प्रत समोर ठेवायची आणि तीच खरी धरून मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये घ्यायचा.

मजकुराचे भाग पाडले ते नोंदींचे. एक कीड, एक नोंद. खताची एक मात्रा, एक नोंद. प्रत्येक नोंदीला क्रमांक, आणि सोबत पाच गोष्टी: कुणी लिहिली, शिफारस कुठून आली, कुणी आणि कधी तपासली, कुठकुठल्या पुस्तकांत वापरली, पुन्हा कधी तपासायची. शिफारशीचा आधार म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषी दर्शनी’, कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचा सल्ला आणि औषधाचा लेबल क्लेम (म्हणजे ते कुठल्या पिकावर, कुठल्या किडीसाठी वापरायला मंजूर आहे), यापलीकडचं काही घ्यायचं नाही असं ठरलं. जगात या पद्धतीला मोठा इतिहास आहे. आयबीएमने आपल्या माहितीपुस्तिकांसाठी सुटे विषय लिहून ते हवे तिथे जोडण्याची एक रीत बसवली, आणि २००५ साली तिचं ‘डिटा’ हे खुलं प्रमाण झालं. मला मात्र बळ मिळालं ते वाईच्या मराठी विश्वकोशाकडे पाहून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तेव्हा संपादकांच्या हाताशी संगणक नव्हता. तरी ज्ञानाची नोंदीनोंदींत विभागणी आणि प्रत्येक नोंदीमागे जबाबदार माणूस, ही शिस्त मराठीत निदान तेव्हापासून आहे.

लेखकांना हे पटायला वेळ लागला. कृषी खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ लेखक दुखावलेच. “माझ्या पुस्तकाची खांडोळी करताय तुम्ही,” म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या उसाच्या पुस्तकातलं लागणीचं प्रकरण म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं गद्य आहे. त्याचे तुकडे केले असते तर त्यातला माणूस निघून गेला असता. म्हणून त्यांच्याबरोबर बसून सीमारेषा आखली. ज्यात आकडा आहे, औषध आहे, प्रमाण आहे, ते नोंदीत. बाकीचं लेखकाचं, जसंच्या तसं. सगळा मजकूर पुन्हा वापरण्याजोगा नसतो, आणि तसा तो करण्याचा हट्ट धरला की पुस्तक वाचवत नाही.

खरी परीक्षा दुरुस्तीची होती. नियम केला: आधी नोंद दुरुस्त, मग पान. घाईच्या दिवशी हा नियम फार जाचतो. डायरी छपाईला जायची आहे, एक शून्य बदलायचं आहे, आणि त्यासाठी मागे जाऊन नोंद उघडायची, तपासनिसाची संमती घ्यायची. कुरबुर झाली. पण अक्षरजुळणीच्या ताईंनीच हा नियम सर्वांत कसोशीने पाळला, कारण जुनी चूक पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्याचा त्रास त्यांनीच सोसला होता. आमचे मुद्रितशोधक काका पडद्यावर वाचायला तयार नव्हते. “पडद्यावर मला चूक दिसत नाही, कागद द्या.” मग प्रूफाच्या कडेला बारीक टाइपात नोंदीचा क्रमांक छापायला लागलो. काका लाल पेनाने खुणा करायचे, ताई क्रमांक बघून थेट नोंदीत दुरुस्ती करायच्या. माणसाची सवय आणि प्रणाली यांची गाठ त्या एका क्रमांकाने घातली. पुढे प्रणाली घेतली तेव्हा हा क्रमांक तसाच चालू ठेवला.

युनिकोडमध्ये मजकूर आणताना काकांची नजर नसती तर अनर्थ झाला असता. रूपांतरात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘गुऱ्हाळ’ मोडतं, वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. या चुका डोळ्याला खुपतात, म्हणून सापडतात. पण एका नोंदीत १.५ मिलीमधला दशांश बिंदू गळून १५ मिली झालं होतं. ओळ वाचायला अगदी शुद्ध. काकांनी प्रत्येक आकडा छापील प्रतीवर बोट ठेवून ताडून पाहिला म्हणून ते सापडलं. तेव्हापासून आकडे दोघांनी ताडायचे: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पाहायचं. हेक्टरी आणि एकरी यांचाही असाच निकाल लावला. विद्यापीठाची शिफारस हेक्टरी असते, आपला शेतकरी एकरात आणि गुंठ्यात मोजतो. नोंदीत हेक्टरी प्रमाण ठेवायचं आणि छापताना एकरी शेजारी द्यायचं. नावांचंही तेच: कोएम ०२६५ आणि फुले २६५ ही एकाच उसाची नावं आहेत, हे वाचकाला ठाऊक असलं तरी संगणकाला सांगावं लागतं.

मध्येच ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. सखल भागातल्या एका छापखान्यात यंत्रं, कागद, संगणक सगळं पाण्यात गेलं आणि आम्ही अजून आणायच्या राहिलेल्या काही पुस्तिकांच्या फाइली त्याबरोबर गेल्या. त्या पुस्तिका छापील प्रतींवरून पुन्हा टाइप केल्या. तेव्हापासून एक प्रत शहराबाहेरच्या सर्व्हरवर असते.

३१ डिसेंबर २०२० ची मुदत जवळ आली तेव्हा फोरेटची पाळी होती. या वेळी नोंद उघडली आणि तिच्याखाली ती वापरलेल्या पुस्तकांची यादी होती. नोंदीत मुदतीची तारीख आधीच घातलेली असल्यामुळे दिवाळीपूर्वीच सूचना आली. हुमणीची नोंद नव्याने लिहिली: प्रकाश सापळे, भुंगेरे गोळा करून मारणं, मेटारायझियम बुरशी, आणि लेबल क्लेम असलेलीच औषधं. सगळं एका दुपारात उरकलं. पुढच्या डायरीत आणि पुस्तिकांत जुनं नाव कुठेच उरलं नाही.

सगळंच जमलं असं नाही. चित्रांचं व्यवस्थापन अजून अर्धवट आहे; किडीचा फोटो कुणी, कुठे, कधी काढला याची नोंद बहुतेक ठिकाणी नाही. आणि तपासनीस माणूस सोडून गेला की त्याच्या नावावरच्या नोंदी पोरक्या होतात, यावर दुसऱ्याची नेमणूक करण्यावाचून इलाज नाही. कुठलीही प्रणाली मजकूर तपासत नाही. तो तपासायची वेळ झाली एवढं ती सांगते.

शेतीवर, आरोग्यावर, कायद्यावर मराठीत पुस्तकं काढणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि कारखान्यांच्या शेती खात्यांना एक विनंती आहे. प्रणाली घ्या अथवा घेऊ नका. ज्या पानावर औषधाची मात्रा आहे त्या पानावर ती शेवटची कधी तपासली ती तारीख छापा. आणि वाचकहो, ज्या पुस्तिकेवर अशी तारीख नाही, तिच्यातली मात्रा पंपात घालण्याआधी डब्यावरचं लेबल वाचा, गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.