शेवटच्या पानाचे तूप

आमच्या विश्रांतवाडीत विश्रांती नावापुरतीच. आळंदी रस्त्यावरच्या मालमोटारी जरा गप्प बसतात न बसतात तोच डोक्यावरून विमान जाते. गेली दोन वर्षे या गलबल्यात आमच्या घरानेही थोडी भर घातली आहे. खडकीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले माझे वडील, वय वर्षे ७४, आवारात विजेवर चालणारी मोटार बांधीत आहेत.

बांधीत आहेत म्हणजे घरच्या जुन्या मारुती ८००चे इंजिन काढून तिला नवा जन्म देत आहेत. मी तेव्हा हसलो होतो. मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रांशी माझा संबंध काय तो क्रियापदांपुरता! पण लोह-फॉस्फेट जातीचे चोवीस सेल घरात आले आणि माझे हसू मावळले. एकेक सेल दोन किलोच्या आसपास, ३.२ व्होल्टचा; ओळीने जोडले की ७७ व्होल्ट.

"विजेची भीती नाही, तापण्याची आहे," अप्पा म्हणाले. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते म्हणे. त्यात आपला पुण्याचा एप्रिल! नुसत्या वाऱ्यावर विसंबलेल्या निसानच्या लीफ गाडीच्या बॅटऱ्या २०१२ च्या सुमारास अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात अकालीच थकल्याची ओरड झाली होती. उलट आपल्या रांजणगावची टाटांची नेक्सॉन २०२० साली विजेवर आली ती बॅटरीत पाणी खेळवूनच.

मग आमच्याकडेही पाणी खेळू लागले. सेलांच्या बुडाशी ॲल्युमिनियमची पाटी, पाटीखाली नळी, नळीत ग्लायकॉल मिसळलेले पाणी, एक चिमुकला पंप आणि पुढे मारुतीचाच रेडिएटर. सेल आणि पाटी यांच्यामध्ये वीज अडवणारा पण उष्णता जाऊ देणारा पातळ थर. नळी गळते का, हे अप्पांनी पंक्चरवाल्यासारखे, हवा भरून आणि घंगाळात बुडवून पाहिले. (घंगाळ आईचे. ती असती तर हा निबंध वेगळाच झाला असता.) सेल फुगू नयेत म्हणून दोन जाड पट्ट्यांमध्ये आवळले आणि मागची सीट काढून तिथे पेटी रबरी बुशांवर बसवली, म्हणजे खड्ड्यांचे हिसके जोडांपर्यंत जाऊ नयेत.

एप्रिलमधल्या एका रात्री जळका वास आला. धावत गेलो तो एका जोडावरचे प्लॅस्टिक वितळलेले, अप्पांची दोन बोटे भाजलेली. मी नको ते बोललो. "अप्पा, हे विकून टाका. पोरे झोपतात इथे!" १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलमही ऐकवले: परवानगीवाचून केलेला असा बदल रस्त्यावर चालत नाही, आणि परिवहन कार्यालय तर इथेच फुलेनगरला आहे.

"माहीत आहे मला," एवढेच म्हणाले. चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी त्यांनी मला एक नट दाखवला. "हा सैल राहिला होता. चूक माझी. सैल जोडाला पाणी काय करणार?" आणि माझ्या हाती तापमापक दिला. नापास विद्यार्थ्याला वर्गाचा मॉनिटर करावे, तसे.

भार घालून पाहिले, तर पहिला सेल ३४ अंशांवर आणि शेवटचा ४१ वर. पाणी वाटेत तापत जाई.

"पंगतीत शेवटच्या पानाला तूप पोचत नाही रे," अप्पा म्हणाले, "आणि नेमका तोच पाहुणा आधी उठून जातो." दोन दिवस ते कागदावर रेघा ओढीत बसले. मग पाटीखाली एकीऐवजी दोन नळ्या आल्या, पाणी एकमेकींच्या उलट दिशांनी जाणाऱ्या. दोन वाढपी, दोन टोकांकडून.

गेल्या रविवारी मोटार पहिल्यांदा चालली. अर्थात आवारातच, फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी शेजारी, मागे मान वळवून.

"शेवटच्या पानाचं काय?"

"एकतीस."

"आणि पहिल्याचं?"

"तीस."

अप्पांनी भाजलेल्या बोटांनी चष्मा वर सारला. "मग फाटकापर्यंत आणखी एकदा जाऊन येऊ."