हाक आली की जायचं

वेंगुर्ल्याला आमच्या लहानपणी कुणाकडे जायला निघालो की आई दारातच बजावायची: कुणी काही पुढे केलं तर आधी नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर घ्यायचं, तेही निम्मं. यामागे माया होती. दूध मापाने आणि साखर रेशनवर येणाऱ्या घरात पाहुण्याने चहा नाकारणं म्हणजे यजमानाची काळजी घेणंच होतं. त्या घरातल्या डब्यांत किती उरलं असेल, हे न विचारता ओळखायला आम्ही शिकलो. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट अंगात मुरली: कुणाचं काही आपल्याकडे राहता कामा नये. पुण्याच्या वसतिगृहात, पुढे नोकरीत, लग्नानंतर ऑकलंडला आल्यावरही तेच. शेजारणीने काही दिलं की तिचा डबा दुसऱ्याच दिवशी भरून परत जायचा. देण्याची मला हौस होती, अजूनही आहे. घेणं मात्र मी फार उशिरा शिकले, आणि तेही समुद्रावर.

ऑकलंडमध्ये शिडाच्या होड्या इतक्या, की आम्ही दोघं कधीतरी त्यांच्या नादी लागणारच होतो. आधी शिकलो, मग एक जुनी अडतीस फुटी होडी घेतली, आणि 2015 च्या मे महिन्यात मुलांना घेऊन ओपुआ बंदरातून फिजीकडे निघालो. लेक दहा वर्षांची, धाकटा सहाचा. ओपुआ ते फिजीतलं सावूसावू सुमारे 1150 सागरी मैल. हा प्रवास बराचसा नकारांवर चालतो. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम, तेव्हा उष्ण कटिबंधात थांबायचं नाही. वाऱ्याचा अंदाज बिघडला तर नांगर उचलायचा नाही. ऊन कललं की प्रवाळांच्या रांगेतून आत शिरायचं नाही, कारण सूर्य डोक्यावर असतानाच पाण्याखालचे खडक रंगावरून ओळखता येतात. चार जणांचा जीव एका होडीत असताना हे नकार पाळावेच लागतात. त्यामुळे किनाऱ्यावर पोचलो तेव्हा तोंडात नकारच तयार होता.

सावूसावूच्या बाजारात हळद आणि वालाच्या शेंगा विकणाऱ्या एका बाईंनी आम्हाला आपसांत मराठी बोलताना ऐकलं. ही कुठली भाषा, असं विचारलं आणि लगेच म्हणाल्या, ''आज हमार घरे मंडली है, आओ.'' दिवस मंगळवार होता. फिजीत ठिकठिकाणी रामायण मंडळ्या आहेत, आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमून तुलसीदासांचं रामचरितमानस गातात. आम्हाला कपडे धुवायचे होते, पाणी भरायचं होतं, डिझेल आणायचं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे, आणि आम्ही येतो म्हणालो.

पत्र्याचं घर, अंगणात बांबूवर हनुमानाचा लाल झेंडा, आत ढोलक आणि हार्मोनियम. नातवंडं बाईंना आजी म्हणत होती. ते ऐकून धाकटा चमकून उभाच राहिला आणि पुढे संध्याकाळभर त्यांच्या पाठीमागे फिरला. पाठ झाल्यावर पुऱ्या, भोपळ्याची भाजी, खीर. पुरुषमंडळी यांगोनाच्या, म्हणजे मुळ्यांपासून केलेल्या पेयाच्या, भांड्याभोवती बसली. बाईंचे पणजोबा बस्ती जिल्ह्यातून कलकत्त्याला आले आणि गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारात, नाव लिहून जहाजावर चढले. 1879 मध्ये 'लिओनिडास' हे पहिलं जहाज आलं, 1916 मध्ये शेवटचं. त्या काळात साठ हजारांवर माणसं हिंदुस्थानातून इथे आली. 1884 मध्ये 'सिरिया' जहाज नासिलाईच्या प्रवाळरांगेवर आदळून फुटलं. 59 जण गेले. तेव्हा आसपासच्या गावांतले फिजियन लोकही बचावाला धावले होते. आम्ही नकाशे, उपग्रह आणि हवामानाचे अंदाज घेऊन आलो होतो, तरी त्या रांगांजवळ जाताना पोटात गोळा यायचा. जहाजांतून आलेल्या या माणसांना तर आपण कुठे चाललोय हेसुद्धा नीट सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या पणतीच्या ओसरीवर मी जेवत होते. निघताना मी पैशांचं पाकीट काढू लागले, तर बाईंनी माझा हात धरला आणि त्यात यांगोनाच्या वाळलेल्या मुळ्यांची जुडी ठेवली. बेटांवर जाणार असाल तर हिच्याशिवाय जाऊ नका, म्हणाल्या.

ती जुडी आम्ही फुलांगाला नेली. लाऊ द्वीपसमूहातलं हे बेट सावूसावूहून आग्नेयेला सुमारे 180 सागरी मैलांवर आहे, आणि वारा बहुतेक दिवस तिथूनच येतो. तो पडण्याची वाट पाहत बसावं लागतं. खाजणात शिरायला एकच अरुंद वाट, भरती-ओहोटी थबकते तेव्हाच सुरक्षित. आत हिरव्या-निळ्या पाण्यात चुनखडीचे लहान लहान डोंगर, लाटांनी तळाशी कोरलेले. नांगर टाकून, कमरेला सुलूचं वस्त्र गुंडाळून, टोप्या काढून आम्ही पायवाटेने पलीकडच्या गावात गेलो. मुळ्या गावप्रमुखासमोर ठेवल्या. हा सेवूसेवू. त्याने त्या हातात घेतल्या, संथ आवाजात बराच वेळ बोलला, टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी आणलेलं गावाने स्वीकारलं की पाहुणे गावाचे होतात. त्यांच्या सुखरूपतेची जबाबदारी गावावर येते, आणि गावाच्या रीती पाळण्याची पाहुण्यांवर. मग नारळाच्या करवंटीतून यांगोना आला. एक टाळी, एका दमात पिणं, नंतर तीन टाळ्या. चव मातकट, जीभ बधिर.

फुलांगात प्रत्येक होडीला एक कुटुंब नेमून देतात. आमच्या वाट्याला आलेला कर्ता पुरुष वेसीच्या कठीण लाकडातून तानोआ, म्हणजे यांगोनाची पायांची परात, कोरणारा होता. त्याची बायको मला चटईवर बसवून अळूची पानं निवडायला द्यायची, जशी मी रोजचीच. नारळाच्या दाट रसात शिजलेली ती पानं खाताना माझा गळा भरून आला. पहिल्याच दिवशी मी डाळ, तांदूळ, मासेमारीचे गळ अशी पिशवी भरून नेली. तिने आनंदाने घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून दोरी मागितली. फिजीत याला केरेकेरे म्हणतात: आपल्या माणसाकडे गरजेची वस्तू मागायची, आणि त्याने ती द्यायची. त्यात संकोच नाही, वही नाही. ती मागत होती म्हणजे मी तिची झाले होते. नवऱ्याने त्यांच्या सौर दिव्याची जोडणी दुरुस्त केली. लेक त्या घरच्या मुलींबरोबर ओहोटीला शिंपले वेचायला जाऊ लागली.

परतीला लागणारा वारा शनिवारी येणार होता. रविवारी चर्च आणि लोव्हो, जमिनीतल्या भट्टीवरचं जेवण. त्याला थांबायचंच, असा त्या घरच्या बाईचा आग्रह. वारा सोडणं सोपं नव्हतं, पुढचा कधी येईल कोण जाणे. आम्ही थांबलो. वाद्यांवाचून चार सुरांत गाणारं ते अख्खं गाव, आणि त्यांच्यामध्ये आमची दोन मुलं, हे पाहताना मला पटलं की हा प्रवास आम्ही यासाठीच केला. वारा पुढे आला, आणि आम्ही सुखरूप पोचलोही.

प्रत्येक बोलावण्याला आम्ही गेलो नाही. मुलं बरोबर असताना बघावंच लागतं. होडीचा नांगर भक्कम धरलाय का, अंधार पडायच्या आत परतता येईल का, त्या घरात बायका-पोरं आहेत का, बोलावणारा मुलांकडे कसा बघतो. एवढं पाहून मन स्वस्थ असेल, तर आमची बाकीची कामं कामंच होती, ती दुसऱ्या दिवशी होत.

20 फेब्रुवारी 2016 ला विन्स्टन चक्रीवादळ फिजीवर आदळलं. पाचव्या श्रेणीचं वादळ, 44 माणसं दगावली. आम्ही ऑकलंडच्या घरात कोरडे, सुरक्षित, आणि डोळ्याला डोळा नव्हता. बातम्यांतली गावं आता आमच्या माणसांची होती. सावूसावूच्या आजींचा फोन बऱ्याच खटाटोपानंतर लागला. घराचे पत्रे उडाले होते. त्यांनी आधी माझ्या मुलांची चौकशी केली. मी विचारलं, काय पाठवू? त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या, खिळे, ताडपत्री, नातवंडांना वह्या. बस्स, एवढंच. ऑकलंडमधल्या फिजीच्या लोकांनी भरलेल्या एका कंटेनरमध्ये आम्ही ते सगळं घातलं. आजींनी ज्या सहजतेने मागितलं, तिने माझ्या उरावरचं ओझं उतरवलं. त्यांच्यासाठी काही करायची वाट त्यांनीच मला दाखवली होती. घेणाऱ्यानेही देणाऱ्याला काही द्यावं लागतं, स्वतःच्या गरजेपर्यंत येऊ देण्याचा विश्वास. तो विश्वास मी आयुष्यभर लोकांना नाकारत आले होते, आणि त्याला स्वावलंबन म्हणत होते.

लेक आता एकटी प्रवासाला निघते. तिला सांगते: हवामान बघ, माणूस बघ, आणि मन मोकळं असेल तर हाकेला जा. हातात काहीतरी घेऊन जा. ते देतील ते पोटभर घे, आणि त्यांना आपल्या घरचा पत्ता दे. त्यांचा फोन मध्यरात्री आला तरी तो उचलायचा आहे, हे जाण्याआधीच ठरवून जा.